नवी बोअर मागण्याआधी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

युगांडाच्या करामोजातल्या तुमच्या गावासाठी नवी बोअर मारायला इथून पैसे जमवावेत, असं तू लिहिलंस. देणारे भेटतील. पण शाळेजवळचा हापसा बंद पडलाय हेही तू त्याच पत्रात सहज लिहून गेलीस. आधी तो उघडा. नव्या बोअरवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, वॉशर बदलल्याची कुणी लावत नाही; दुरुस्तीला पैसा मिळत नाही तो म्हणूनच.

युगांडात ज्या हापशाला यू-टू म्हणतात तो आपलाच इंडिया मार्क २. जालना-सोलापूरकडच्या पंपांवरून १९७० च्या दशकात घडलेला, त्यामुळे खोड्याही त्याच. सकाळी बरेच हापसे मारल्यावर पाणी येतं आणि मग नीट चालतं, तर खालचा व्हॉल्व्ह धरत नाही किंवा पाइपाला भोक पडलंय. दांडा एकदम हलका आणि पाण्याचा थेंब नाही, तर रॉड तुटला किंवा सुटला. धार हळूहळू बारीक होत गेली तर वॉशर झिजले. मात्र बोअरची पातळी खाली गेली तरी धार तशीच बारीक होते, म्हणून पाइप वर काढलेच की दोरीला वजन बांधून पातळी मोजून घ्या.

वॉशर एवढासा, पण यू-टूमध्ये तो बदलायला सगळे पाइप उपसावे लागतात. ३२ मिमीचा ३ मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप साधारण साडेनऊ किलोंचा. ३० मीटरला १० पाइप, वर रॉड आणि सिलिंडर. पाइप धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पशिवाय हात लावू नका. पाइप निसटून बोअरमध्ये गेला तर दुरुस्तीचं काम सोडून तो काढत बसावं लागतं, आणि कधी कधी बोअरच जाते. यू-थ्री, म्हणजे इंडिया मार्क ३, असेल तर सुख आहे. त्याचा पिस्टन रॉडांसकट वर येतो, पाइप जागच्या जागी राहतात.

पाणी तांबडं येतं का, हे बायकांना विचार, समितीच्या अध्यक्षांना नको. सकाळचं पहिलं पाणी तांबडं आणि बराच वेळ हापसल्यावर स्वच्छ होत असेल, तर बहुधा आम्लधर्मी पाण्याने जीआय पाइप खाल्लेत. शेवटपर्यंत तांबडंच राहिलं तर लोह जमिनीतलंच. पहिल्या प्रकारात पुन्हा जीआय घातला की पैसे पाण्यात; तिथे स्टेनलेस किंवा हापशासाठीचा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) पाइपच हवा. चवीला लोखंडी आणि कपडे पिवळे करणारं पाणी लोक पीत नाहीत, परत ओढ्यावर जातात. मग जुलाब वाढतात आणि दोष ‘अडाणीपणा’ला मिळतो!

पाणी समितीची वर्गणी ज्वारीच्या सुगीनंतर घ्या, घरात तेव्हाच काहीतरी असतं. त्यातून मेकॅनिकची मजुरी, वॉशरचा एक जादा संच आणि चेनला ग्रीस एवढं निघालं तरी पुष्कळ.

गावातल्या आरोग्य स्वयंसेवकांच्या, म्हणजे तुमच्या व्हीएचटींच्या, पेटीचंही असंच आहे. ओआरएसचं पाकीट १ लिटरचं आणि घरात २० लिटरचा जेरीकॅन. खुणेची १ लिटरची बाटली पाकिटाबरोबरच द्या. झिंक १० दिवस द्यायचं असतं, पण जुलाब थांबले की आया बंद करतात, तेव्हा पहिल्याच दिवशी बजावून सांगा. मलेरियाची नेहमीची रॅपिड टेस्ट उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते. नुकताच कोर्स झालेल्या मुलाला पुन्हा ताप आला, तर तेवढ्या रेघेवर परत गोळ्या न देता आरोग्य केंद्रात पाठवा. मूल पीत नसेल, सगळं ओकत असेल, झटके आले असतील किंवा गुंगीत असेल तर टेस्टसाठीही थांबू नका. साठा पावसाआधी मोजा: पावसातच मलेरिया वाढतो आणि कोरड्या नद्या भरून रस्तेही तेव्हाच तुटतात.

आता मला एवढं कळव: पंप यू-टू की यू-थ्री, पाइप किती आणि कशाचे, पाण्याची पातळी किती मीटरवर, शेवटची दुरुस्ती कधी आणि कुणी केली. त्यावरून किती पैसे मागायचे ते ठरवू.

तुझा,
बाबा