चौरागड चढताना मागच्याला पुढे ठेवा

महोदय,

थंडी पडली की नागपूरहून मध्य प्रदेशातल्या पचमढीच्या चौरागड शिखरावर सहली निघतात. सुमारे 1300 पायऱ्या असल्या, तरी शिखर ते शिखरच. सर्वांत मोठी चूक म्हणजे दमदार मंडळी पुढे पळतात. ती बसून दम खातात, मागचे पोचताच पुन्हा उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, अनुभवी माणूस शेवटी.

माणशी 3 लिटर पाणी घ्या. नुसतं पाणी पिऊन पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात, कारण घामातून मीठही जातं. म्हणून मीठ-साखर-लिंबू हवंच. दुपारी एकला, शिखर गाठलं नसलं तरी परत फिरा.

गुडघे जातात ते उतरताना. उतरण्याआधी टाच मागे दाबून बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आवळा. नाहीतर पाय पुढे सरकतो, अंगठा बुटावर आदळत राहतो आणि नख काळं पडतं. नवे बूट तर त्या दिवशी घालूच नका. सहलीच्या आयोजकांनी हे निघण्यापूर्वी प्रत्येकाला सांगावं, ही कळकळीची विनंती.

— काही डोंगरप्रेमी वाचक, नागपूर