बुटाचा जीव वरून दिसत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ठाण्याची वर्षा मॅरेथॉन जवळ आली की पेपरात डाएट, पाणी, सराव सगळं छापून येतं, पण बुटांवर कोणी चार ओळी लिहीत नाही म्हणून हे पत्र. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात किंवा पाम बीच रस्त्याच्या कडेने पहाटे जरा लोकांच्या पायांकडे बघा, बूट वरून एकदम चकाचक, धुतलेले, आणि मागून पाहिलं तर टाच एका बाजूला कललेली. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अजून फाटले कुठे?"

अहो फाटायची वाट कशाला बघायची! रनिंगचा बूट मरतो तो आतून. खालचं रबर आणि वरची जाळी यांच्यामध्ये जो फोम असतो (बऱ्याच बुटांत ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा) त्यात हवेचे बारीक बारीक कप्पे असतात, ते प्रत्येक पावलाला दबतात आणि हळूहळू पूर्ववत यायचे बंद होतात. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात, वजन, रस्ता, पाऊल कसं पडतं यावर कमीजास्त. म्हणजे आठवड्याला २५ किलोमीटर पळणाऱ्याचा जोड पाच-सात महिन्यांत थकतो, आणि आपल्याकडे तोच जोड लेकाच्या दहावीपासून बारावीपर्यंत चालवतात. फोमवर कडेने आडव्या सुरकुत्या दिसायला लागल्या, बूट टेबलावर ठेवल्यावर डुलायला लागला, किंवा नेहमीच्याच अंतराला नडगी नाहीतर गुडघा कुरकुरायला लागला की बूट बघा आधी, मग डॉक्टर. (दुखणं राहिलंच तर डॉक्टर आहेतच.)

आता नवा जोड. दुकानात टोचतोय म्हटलं की सांगतात, "वापरून सैल होतील साहेब." हे कोल्हापुरीचं गणित झालं, चामडं पायाचा आकार घेतं, पण जाळीचा बूट फारसा सैल होत नाही, दुकानात चावला तो बाराव्या किलोमीटरलाही चावणारच. त्यामुळे खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, पळायचे मोजे घालूनच ट्राय करा आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा सोडा, नाहीतर ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा उतार उतरताना नख काळं पडलंच म्हणून समजा.

मग नवा बूट मुरवायचा कशाला? तर सवय खरी पायाला लावायची असते. जुन्या बुटाची टाच पंजापेक्षा १० मिलिमीटर उंच आणि नव्याची ४ असेल तर तो फरक पोटरी आणि टाचेच्या शिरेवर येतो, एकदम लांब पळालात की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. आधी दोन-तीन किलोमीटर, मग जुना-नवा आलटून पालटून, आणि शर्यतीआधी एक-दोन लांबचे रन नव्यात झालेच पाहिजेत. शर्यतीआधीच्या एक्स्पोत, म्हणजे प्रदर्शनात, डिस्काउंट मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी तेच घालून ४२ किलोमीटर धावणारे दरवर्षी भेटतात, त्यांना साष्टांग नमस्कार. आलटून पालटून वापरण्याचा आपल्या पावसाळ्यात अजून एक फायदा, एक जोड निवांत वाळतो. आत वर्तमानपत्र कोंबा, पंख्याखाली ठेवा, हीटरपुढे किंवा कडक उन्हात नको, डिंक सुटतो. (तुमचा पेपर शाई न लावता पाणी छान शोषतो, हे कौतुकच समजा.)

राहता राहिले निवृत्त बूट. पळायला संपलेला जोड भाजी आणायला, बागेत पाणी घालायला चालतो, पण कोणाला देताना "हे पळायला नकोत" एवढं सांगा, मिळालेत म्हणून पोलीस भरतीच्या सरावाला कोणी तेच घालेल. ग्रीनसोलसारख्या संस्था जुन्या बुटांपासून चपला बनवून शाळकरी मुलांना देतात. तेव्हा महापालिकेला आणि आयोजकांना विनंती, बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला सगळेच येतात, तिथेच एक मोठा खोका ठेवा आणि बूट अशा संस्थेकडे पोचवा. देणाऱ्यांनी फक्त धुवून, दोन्ही बुटांच्या लेस एकमेकींना बांधून आणा, नाहीतर उजवा ठाण्यात आणि डावा कळव्यात.

आपला,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई