फॉरमॅट मारण्याआधी काळी खिडकी उघडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी कराडला डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल. गेल्या पावसाळ्यात विंडोजचं अपडेट चालू असतानाच लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच बसली होती, तो माझाच आळस. लाईट आल्यावर निळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एवढंच, की बूट कॉन्फिगरेशन डेटाची फाइल सापडत नाही. दुरुस्तीवाल्यानं दोन मिनिटं बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारावा लागेल. डेटाची गॅरंटी नाही." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. अकरा वर्षांच्या फाइली आणि दोन पत्रिका दुसऱ्या दिवशी छपाईला जायच्या. सीपीयू उचलून घरी आणला.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तुझ्या फाइली बहुतेक जागेवरच आहेत. मशीनला फक्त विंडोज कुठं आहे ते कळेना झालंय." शेजारच्या लॅपटॉपवर आठ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये विंडोजचा सेटअप करून घेतला, त्यावरून मशीन चालू केलं आणि पहिल्याच पडद्यावर शिफ्ट धरून एफ-10 दाबलं. काळी खिडकी उघडली, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायचा कमांड प्रॉम्प्ट. पुढचे दोन तास तो एकेक अक्षर सांगत होता आणि मी टाइप करत होते. "स्पेस दे. आता तिरकी रेघ. अगं, ती नाही, उलटी!"

डिस्कपार्ट या हुकमानं ड्राइव्हची यादी काढली तर माझी सी ड्राइव्ह तिथं डी म्हणून उभी. हे असं होतं, आणि इथंच माणूस भलत्याच ड्राइव्हवर हुकूम सोडून बसतो. म्हणून आधी फाइली बाहेर काढल्या. त्यासाठी चक्क नोटपॅड लिहून एंटर मारलं. त्याच्या 'ओपन'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडलं की सगळी फोल्डरं दिसतात. तिथूनच कॉपी करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट केली. किती झालं ते दिसत नाही, नुसतं बसून राहायचं. मी तेवढ्यात कुकर लावून आले.

मग डिस्कमधल्या चुका शोधणारी चेकडिस्क. डिस्क खडखडत असेल तर ती चालवायचीच नाही, आधीच आजारी डिस्कला त्यानं आणखी ताण येतो. माझी शांत होती. त्यानंतर बूट, म्हणजे मशीनची सुरुवात, दुरुस्त करणारं बूटरेक वापरून पाहिलं, तर त्यातल्या फिक्सबूटला उत्तर आलं, 'ॲक्सेस इज डिनाइड', म्हणजे परवानगी नाही. भाचा हसला, नव्या मशिनांवर हे नेहमीचंच म्हणे. शेवटी शंभर एमबीचा जो बूटच्या फाइलींचा लपलेला ईएफआय भाग डिस्कवर असतो त्याला एस हे अक्षर दिलं आणि बीसीडीबूट या हुकमानं त्या फाइली तिथं नव्यानं घातल्या. एक ओळ, दोन सेकंद. पेन ड्राइव्ह काढून चालू केलं, तर डेस्कटॉपवर नवरदेवाचा फोटो होता तसाच.

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं आडवी झाली आणि आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. तेव्हाही कित्येक ठिकाणी इंजिनिअर एकेका यंत्रापुढं बसून विंडोजच्या दुरुस्ती पडद्यात (रिकव्हरीत) शिरत होते आणि त्या अपडेटची एक सदोष फाइल पुसत होते. कुणी 85 लाख यंत्रं फॉरमॅट मारली नाहीत.

एक अडचण मात्र खरी. विंडोज 11 च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची 48 आकडी किल्ली नसेल तर या काळ्या खिडकीतून फाइली मिळत नाहीत. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मशीन चालू आहे तोवर वहीत उतरवून ठेवावी.

नंतर त्याच दुरुस्तीवाल्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हे करत बसलो तर दिवसाला दोनच मशिनं होतील. फॉरमॅटचा दर ठरलेला आहे, याचे कोण देतंय?" त्याचं खोटं नाही. पण मला विचारलं असतं तर मी दुप्पट दिले असते. दुकानदारांनी दोन दर लावावेत, एक फॉरमॅटचा, एक दुरुस्तीचा, आणि कुठलंही काम घेताना फाइली आधी काढून घेतल्या की नाही एवढं पावतीवर लिहून द्यावं.

आपली,
एक वाचक, कराड