तिसऱ्या महिन्याला घरी ये

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

काल बाळाला बेचाळीस दिवस झाले. आशाताईंची, म्हणजे घरोघरी येणाऱ्या गावच्या आरोग्यसेविकेची, सहावी भेट झाली. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, अशा सहा दिवशी त्या येतात. वजन भरलं तीन किलो शंभर. जन्मताना दोन किलो तीनशे होतं, म्हणून घरात सगळ्यांचा जीव टांगणीला होता.

पहिल्या दोन भेटींना मी काय केलं, ते सांगतो. त्या आल्या की टोपी घातली आणि ओट्यावर जाऊन बसलो. बायकांचं काम! तुझी आई मात्र दारातच आडवी. सुनेच्या बाजेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी, खोलीत डोळे चुरचुरतील एवढा धूर. वर मध चाटवायचा हट्ट. नंतर मला म्हणाली, "मन्हं कोन आयकस?"

आशाताई शहाणी बाई. भांडली नाही. आईलाच विचारलं, "काकू, तुमच्या वेळी बाळ गार पडलं तर काय करायच्या?" आई म्हणाली, उघड्या छातीशी धरायचो. "मग तेच करू, धूर तेवढा बाहेर काढा." शेगडी त्याच दिवशी पडवीत गेली. मधाचं मात्र दोन भेटींनंतर पटलं, तेही कुरकुरतच.

चौदाव्या दिवशी त्यांनी मलाच आत बोलावलं. "नाना, घड्याळ तुम्ही धरा." बाळाच्या छातीचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, साठ किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना. भरले शेहेचाळीस. तू झालास तेव्हा मी कापसाच्या गाडीसोबत अमळनेरला होतो. बाळाचा श्वास मोजतात हे मला सत्तरीत कळलं.

घरी जाऊन नवजात बाळाला जपायची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली. सरकारने २०११ पासून ती देशभर आशांकडे दिली. आता पुढच्या भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. सहाव्याला वरचं अन्न सुरू करायचं, तेव्हा आई आणि सूनबाई यांच्यात पातळ वरणावरून जुंपणार, हे लिहून ठेव.

फोनवर "काय म्हणाल्या?" विचारू नकोस. तिसऱ्या महिन्याला दोन दिवसांची रजा काढ आणि समोर बस. सूनबाई तोंडाने म्हणणार नाही, पण वाट बघते.

येताना माझ्या घड्याळाला सेल आण. सेकंदकाटा अडखळतोय.

तुझा,
नाना