अपयशाची नोंद कोण ठेवणार?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रतन टाटा यांचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाले, तेव्हापासून त्यांच्याविषयी आणि टाटा मोटर्सविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोशी नाते नसलेले घर शोधावे लागते. कंपनीचे नाव २००३ साली बदलून टाटा मोटर्स झाले, तरी आमच्याकडे अजून 'टेल्को'च म्हणतात. माझे वडील तिथल्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात होते आणि मी स्वतः पुढे तंत्रनिकेतनात शिकवले, त्यामुळे हे सगळे लेखन मी आस्थेने वाचते. मात्र त्यातील बहुतेक लेख अपयशाचा विषय एका वाक्यात उरकून यशाकडे वळतात. नेमके काय चुकले, ते कोणाच्या लक्षात आले, ते कसे दुरुस्त झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे वाचकाला समजतच नाही. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलांना खरी गरज या तपशिलाची आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

इंडिकाचेच पाहा. तोवर मालमोटारी आणि त्यांच्याच सांगाड्यावरची वाहने बनवणाऱ्या कंपनीने संपूर्ण नवी छोटी मोटार करायला घेतली, त्यासाठी ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री सुटी करून पुण्यात आणली आणि १९९८च्या डिसेंबरअखेर गाडी बाजारात उतरवली. मागणी लाखाच्या वर गेली, पण पहिल्या गाड्या रस्त्यावर येताच आवाज, थरथर आणि एकूण दर्जा यांविषयी तक्रारींचा ओघ लागला. २०००-०१ या वर्षी कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. मालमोटारींची मंदी हेही त्याचे मोठे कारण होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मोटारींचा व्यवसाय विकून टाकावा, असा विचारही त्या काळात झाला होता. तो बारगळला, तक्रारी एकेक करून तपासल्या गेल्या, आणि २००१ साली 'इंडिका व्ही-टू' आली. गाडी तीच असली तरी तिची चाल, तिचा आवाज आणि बाजारातील तिची पत बदलली होती.

हा बदल कोणाच्या एका निर्धाराने घडला, असे लिहिले जाते तेव्हा मला वडिलांचे काम आठवते. पत्र्याचा भाग छापणारा डाय, म्हणजे साचा, तयार झाला की पहिल्या चाचणीच्या पॅनेलवर ते तळवा सपाट ठेवून सावकाश फिरवत, कारण डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो. तो लागला की खडूने खूण करायची, डाय पुन्हा घासायचा, पुन्हा चाचणी घ्यायची. पहिल्या फटक्यात निर्दोष निघालेल्या पॅनेलकडे ते संशयानेच पाहत. मोठ्या अपयशाची दुरुस्ती अशा शेकडो छोट्या दुरुस्त्यांची बनलेली असते, आणि त्या करणाऱ्यांची नावे कोणत्याही मृत्युलेखात येत नाहीत.

नॅनोची कथा याहून कठीण आहे आणि म्हणून अधिक शिकवणारी आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती गाडी दाखवली गेली, तेव्हा पुण्याच्या अभियंत्यांविषयी वाटलेला अभिमान आजही माझ्या मनात आहे. मागे बसवलेले ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, चाकाला तीनच नट, एकच वायपर, आरसा फक्त चालकाच्या बाजूला, आणि मागचा डिकीचा दरवाजा उघडणाराच नाही! एक लाखाच्या किमतीसाठी केलेली ही काटकसर अभियांत्रिकीच्या दृष्टीने विलक्षण होती. परंतु कर्ज काढून आयुष्यातली पहिली मोटार घेणाऱ्या कुटुंबाला ती दारात उभी करताना मान ताठ ठेवायची असते, आणि 'सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळख नेमकी तिथेच आड आली. स्वस्तपणावर दिलेला भर ही चूक होती, असे रतन टाटा यांनी स्वतः पुढे जाहीरपणे म्हटले. त्याआधी पश्चिम बंगालमधील सिंगूरच्या जमिनीच्या वादामुळे कारखाना गुजरातेतील साणंदला हलवावा लागला होता, काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्यांनी धास्ती पसरली होती, आणि गाड्यांची अपघातातील सुरक्षितता तपासणाऱ्या 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेच्या २०१४च्या चाचणीत नॅनोला एकही तारा मिळाला नाही. डिकीचा दरवाजा उघडणारी नॅनो २०१५ साली आली, तोवर फार उशीर झाला होता. २०१८च्या जूनमध्ये एकच नॅनो तयार झाली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये याच कंपनीच्या नेक्सॉन या गाडीला त्याच संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळाले. या दोन निकालांमधील जवळजवळ पाच वर्षांत कंपनीच्या आत काय बोलले गेले, कोणत्या बैठकीत कोणी कोणाला अडवले, हे एखाद्याने लिहून ठेवले तर ते अभियांत्रिकीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचे ठरेल, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक बाजू अगत्याने मांडायची आहे. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या हिशेबाने उभा राहिला आणि नॅनोचा सर्वांत चांगला खप वर्षाला ७५ हजारांच्या आतच राहिला. मोठ्या कंपनीने हा फटका सोसला, तिथे पुढे टियागोसारखी गाडी काढली आणि ती सावरली. अडीच लाख गाड्यांच्या भरवशावर यंत्रे घेतलेल्या सुटे भाग पुरवठादाराला मात्र हप्ता चुकवता येत नाही. भोसरी, चाकण परिसरातील लघुउद्योजकांना हे वेगळे सांगायला नको. चुकीतून शिकायला वेळ आणि भांडवल लागते, आणि ते ज्याच्याकडे नाही त्याला 'अपयश ही यशाची पायरी आहे' असे व्यासपीठावरून ऐकवणे अन्यायाचे आहे. त्यामुळे मोठ्या कंपनीच्या अपयशाचा हिशेब मांडताना तिच्या पुरवठादारांचाही हिशेब त्यात यायला हवा.

टाटा समूहात प्रामाणिक पण असफल ठरलेल्या प्रयत्नांसाठी 'डेअर टू ट्राय' नावाचा पुरस्कार दिला जातो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मात्र त्या प्रयत्नांचा तपशील बाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की, इंडिका, 'एस' हा छोटा मालवाहू टेम्पो आणि नॅनो यांवर काम केलेले टूलरूमचे कारागीर, चाचणी विभागातील अभियंते, सेवा केंद्रांतील मेकॅनिक आणि सुटे भाग पुरवणारे उद्योजक यांच्या आठवणींची मालिका आपण सुरू करावी. यातील अनेक जण आता सत्तरीपुढे आहेत. मराठीतून मोकळेपणाने बोलतील असे लोक चिंचवड, निगडी, आकुर्डीतच राहतात. परिसरातील तंत्रनिकेतने आणि आयटीआय यांचे विद्यार्थी मुलाखती घेण्यास साहाय्य करू शकतील. त्यांची जुळवाजुळव करून देण्यास आणि मुलाखतींतील तांत्रिक भाग तपासून देण्यास मी तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त तंत्रशिक्षिका, चिंचवड