कुवेतमधील शाळकरी आठवणी लिहून ठेवायला हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात बालपण गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांविषयी आपल्या अंकात प्रसिद्ध झालेले एका वाचकाचे पत्र वाचले. सुखवस्तू घरांतील माणसे अशा मेळाव्यांत जुन्या ऐषआरामाची उजळणी करतात आणि त्यापलीकडे त्यांत काही नसते, असा त्या पत्राचा सूर आहे. १९९० साली कुवेतमधील भारतीय शाळांत शिकत असलेल्या मुलांपैकी मी एक आहे आणि आमच्यापुरते तरी हे म्हणणे मला मान्य नाही. त्याची कारणे जरा विस्ताराने मांडू द्यावीत, ही विनंती.

२ ऑगस्ट १९९० रोजी, गुरुवारी पहाटे, इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. तेव्हा तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय राहत होते. पुढे ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे होऊन एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसे जॉर्डनमधील अम्मानमार्गे मुंबईला पोहोचली. एअर इंडियाच्या या कामगिरीचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. मात्र ही हकिकत विमान मुंबईत उतरले की संपते. त्या विमानांतून उतरलेल्या मुलांचे आणि उन्हाळी सुट्टीसाठी आधीच भारतात आलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारलेले माझ्या पाहण्यात नाही.

मी दुसऱ्या प्रकारातली. साल्मिया भागातील आमच्या शाळेत एप्रिलमध्ये सातवीचा वर्ग सुरू झाला, जूनमध्ये सुट्टी लागली आणि आई, धाकटा भाऊ व मी नेहमीप्रमाणे आजोळी आलो. वडील नोकरीसाठी तेथेच राहिले होते. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मी ‘सप्टेंबरमध्ये भेटू’ असे सांगून निघाले होते. तिची माझी भेट त्यानंतर थेट ३३ वर्षांनी झाली. आमचे घर, पुस्तके, खिडकीतल्या कुंड्या, भावाची सायकल, यांपैकी काहीच आम्ही पुन्हा पाहिले नाही. कुवेतचे दूरध्वनी बंद पडल्यामुळे वडील जिवंत आहेत की नाहीत हेही बरेच दिवस कळत नव्हते. वडिलांच्या आधी सुटून आलेल्या एका शेजाऱ्यांनी ऑगस्टच्या अखेरीस त्यांची चार ओळींची चिठ्ठी आणून दिली, तेव्हा आईने मजकूर वाचण्याआधी अक्षर ओळखले आणि ती खाली बसली. वडील स्वतः सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आले. बसने बसरा, तेथून बगदाद, मग इराक आणि जॉर्डन यांच्या सीमेवरील वाळवंटात तंबूतले नऊ दिवस, आणि शेवटी अम्मान, असा त्यांचा प्रवास झाला होता. इराकने कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवला होता, त्यामुळे गाठीला असलेल्या रकमेचे मोल वाटेतच मातीमोल झाले होते.

आमच्या शाळेतील मुले दोन वर्षांपूर्वी प्रथमच एकत्र जमली, तेव्हा मला एक गोष्ट खटकली. वाळवंटातून आलेल्यांनी बोलायचे आणि माझ्यासारख्यांनी ‘आम्ही तेव्हा इकडेच होतो’ एवढे सांगून गप्प बसायचे, अशी एक अलिखित रीत तेथे आपोआप पडली. ज्यांनी पाण्याच्या एका बाटलीसाठी उन्हात रांग धरली, त्यांच्यासमोर आपले दुःख काढून दाखवायला संकोच वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यांच्या आठवणींना पहिला मान मिळावा याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण निरोप न घेता एक अख्खी शाळा हातातून गेली, हा अनुभव दोघांचाही होता. तो सांगायला आम्हाला तीन तास आणि एका जुन्या बाईंची मदत लागली. त्या आमच्या भूगोलाच्या शिक्षिका. त्यांनी सुट्टीवर असलेल्या मुलांची नावे घेऊन एकेकाला विचारले, ‘तू कुठल्या शाळेत गेलास? तुला कोणी घेतले?’ तेव्हा कुठे बोलणे सुरू झाले.

या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते. नव्या शाळेत शाळा सोडल्याचा दाखला मागत आणि तो देणारी शाळा एका व्यापलेल्या देशात कुलूपबंद होती. मला एका शाळेने याच कारणावरून परत पाठवले. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आईचे म्हणणे ऐकून घेतले, माझी तोंडी परीक्षा घेतली आणि दाखला येईल तेव्हा येईल असे म्हणून वर्गात बसवले. त्यांचे ऋण मी विसरलेले नाही. पण वर्गात बसल्यावर खरी अडचण समोर आली. आम्ही घरी मराठी बोलत होतो, शाळेत मात्र हिंदी शिकलो होतो, त्यामुळे देवनागरी वाचता येत असूनही ‘ळ’ लिहिण्याचा सराव हाताला नव्हता. पहिल्या निबंधात मी ‘शाळा’ हा शब्द सर्वत्र ‘शाला’ असा लिहिला आणि तो निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मुले हसली. त्यानंतर कितीतरी महिने मी कुवेतचे नाव काढले नाही. मेळाव्यात हे सांगितले, तेव्हा आणखी चौघांनी आपापला ‘ळ’ सांगितला.

आता ऐषआरामाविषयी. वातानुकूलित घरे होती, रस्ते रुंद होते आणि इकडे न मिळणाऱ्या वस्तू तेथील दुकानांत होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आम्ही भेटल्यावर ज्यांविषयी बोललो त्या गोष्टी निराळ्या होत्या. कुवेतमध्ये एकही नदी नाही. पिण्याचे पाणी समुद्राचे खारेपण काढून तयार करतात आणि निळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या छत्रीसारख्या टाक्यांत साठवतात. गंगा आणि गोदावरी यांची खोरी आम्ही या टाक्यांच्या सावलीत पाठ केली. धुळीचे वादळ उठले की खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबण्याचे काम मुलांकडे असे. शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे भारतातील भावंडांना आमचा रविवार शाळेचा असतो हे पटत नसे. १९७९ साली खुल्या झालेल्या कुवेत टॉवर्सच्या फिरत्या गोलातून आपली इमारत शोधणे हा प्रत्येक पाहुण्यासोबतचा ठरलेला कार्यक्रम होता. या टॉवर्सचीही इराकी ताब्याच्या सात महिन्यांत नासधूस झाली आणि पुढे ते दुरुस्त करण्यात आले.

आमच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी कुटुंब राहत होते. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. तिला हिंदी येत नसे, मला शाळेत शिकलेली मोडकी अरबी येई, आणि तेवढ्यावर जिन्यात बसून तासन्‌तास खेळ चाले. युद्धापूर्वी कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. त्यांतील बहुतेकांना पुन्हा तेथे राहता आले नाही. आम्हाला परतायला एक देश तरी होता, ही जाणीव मला मोठेपणी झाली. त्या मुलीविषयी मला आज काहीही माहीत नाही. तिची आठवण मी कोणाजवळ काढणार? ज्यांनी तो जिना पाहिला आहे त्यांच्याजवळच. जुने शाळासोबती एकत्र येतात त्याचे मला दिसलेले सर्वांत खरे कारण हे आहे. ज्याचे बालपण गावात गेले तो केव्हाही जाऊन आपली शाळा पाहू शकतो, शिक्षकांच्या घरी जाऊ शकतो. परदेशात वाढलेल्या मुलाची शाळा, शेजार आणि मित्र हे सारे व्हिसाच्या मुदतीवर उभे असते, आणि नोकरी संपली की साक्षीदारही पांगतात.

याच कारणासाठी या आठवणी काळजीपूर्वक नोंदवल्या जाव्यात असे मला वाटते, आणि माझ्या पत्राचा मुख्य उद्देश तोच आहे. मेळाव्यात एका वर्गमित्राने ऑगस्टमध्ये कुवेत सोडताना बसच्या खिडकीतून जळणाऱ्या तेलविहिरींचा काळा धूर पाहिल्याचे सांगितले. सांगताना त्याचा आवाज कापत होता आणि तो खोटे बोलत नव्हता, याची मला खात्री आहे. परंतु इराकी सैन्याने सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या त्या १९९१च्या आरंभी, आणि त्यांतील शेवटची विझली ६ नोव्हेंबर १९९१ रोजी. दूरदर्शनवर पुढे पाहिलेली दृश्ये त्याच्या स्वतःच्या प्रवासात मिसळून गेली होती. असे आपणा सर्वांचेच होते. माझ्याही वाळवंटाच्या आठवणीत वडिलांनी सांगितलेले किती आणि मी कल्पिलेले किती, हे मला सांगता येत नाही. म्हणून लिहिताना स्वतः पाहिलेले, आईवडिलांनी सांगितलेले आणि नंतर पाहिले-वाचलेले, हे तिन्ही वेगवेगळे नोंदवावे, एवढीच शिस्त पाळली तरी पुष्कळ साधेल.

कागदपत्रे घराघरांत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाकडे देश सोडावा लागल्याबद्दल जे दावे दाखल झाले, त्यांत कुटुंबाला ५ हजार किंवा ८ हजार डॉलर अशी ठरावीक रक्कम मिळत असे, आणि त्यासाठी जपलेले पासपोर्ट, निवासाचे परवाने, अर्जांच्या प्रती आजही अनेकांच्या कपाटांत असतील. त्यांवरील क्रमांक झाकून त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे अवघड नाही. अवघड आहे ते दुसरेच. ज्यांनी त्या दिवसांत निघायचे की थांबायचे हा निर्णय घेतला, ती आमच्या आईवडिलांची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. माझ्या वडिलांनी तंबूत असताना एका खिसेवहीत दररोज दोन-तीन ओळी लिहिल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याजवळ बसून ती वही उतरवून घेतली, तेव्हा तीतल्या सोळा नावांपैकी सहा नावांची माणसे कोण होती हे त्यांना आठवले नाही. पाच वर्षांपूर्वी बसले असते तर कदाचित आठवले असते.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अशा आठवणींसाठी काही आठवडे अर्धा स्तंभ द्यावा, अशी माझी विनंती आहे. तेथे अम्मानमार्गे आलेल्यांइतकीच सुट्टीवर अडकलेल्या आणि युद्धानंतर कुवेतला परत गेलेल्या मुलांनाही जागा असावी. वडिलांच्या वहीची प्रत मी आपल्या कार्यालयात आनंदाने पाठवीन.

आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर ३९ नावे होती, असे बाईंच्या जुन्या डायरीवरून समजते. त्यांपैकी २६ जण आजवर सापडले आहेत. साल्मियातील भारतीय शाळेत १९९० साली सातवीत असलेल्या उरलेल्या तेरा जणांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल, तर त्यांनी संपादकांच्या कार्यालयामार्फत मला अवश्य कळवावे. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या मुलीची भूमितीची पेटी जूनपासून माझ्या दप्तरात राहिली होती. ती अजून माझ्याजवळ आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक