सुमे, आईच्या पायांचं कळलं

प्रिय सुमे,

आठ महिने झाले गं, मी एक फोन केला नाही. मी बरी आहे, गुडघा मधूनमधून कुरकुरतो, सांगलीत पाऊस थांबत नाहीये. फोनवर बोलताना रडू आलं असतं म्हणून लिहायलाच बसले.

आईचा व्हिटॅमिन बी-१२ चा रिपोर्ट आला. ९४. लॅबच्या कागदावर नॉर्मल साधारण २०० च्या पुढे सुरू होतं. डॉक्टरांनी त्या आकड्याला पेनाने गोल केला आणि आईला विचारलं, पायाला मुंग्या कधीपासून येतात? ती म्हणाली, झाली की दोन वर्षं. दोन वर्षं सुमे! मला का नाही सांगितलं तर म्हणे तू चिडतेस.

दिवाळीत तू म्हणाली होतीस ना, काकू पाय घासत चालतात, एकदा दाखव. आणि मी काय बोलले ते तुला पाठ असेल, मलाही आहे. तुझी आई नाही म्हणून माझ्या आईत आजार शोधू नकोस, असं बोलले मी. तुला! तू चहा अर्धा टाकून उठलीस, मी थांबवलंही नाही. त्याच आठवड्यात आई देवळातून एका पायात चप्पल घालून आली, दुसरी वाटेत निसटली ते तिला कळलंच नव्हतं, आणि मी तिला दारातच रागावले.

डॉक्टरांनी तो लोखंडी काटा असतो ना, तो वाजवून तिच्या घोट्यावर टेकवला, थरथर जाणवते का विचारलं, तर आई माझ्याकडे बघायला लागली, उत्तर न येणाऱ्या पोरीसारखी. जिने आपल्याकडून एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून घेतला ती बाई! (तू तेव्हा हातावर लिहून आणला होतास, मी सांगितलं नाही, अजून उपकार मान.) मग पाय जुळवून डोळे मिटायला लावले तर डुलायलाच लागली. तेव्हा मला आठवलं, तोंडाला साबण लावताना ती हल्ली नळ घट्ट धरते. रोज बघत होते गं मी.

आणि विसरणं, तेही बी-१२ मुळेच. गॅस चालू ठेवणं, तेच तेच तीनदा सांगणं. मी दादाला फोनवर म्हणाले की आईचं डोकं चाललं, ती शेजारच्या खोलीत होती. तिने ऐकलं का हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

आई शुगरसाठी अकरा वर्षं मेटफॉर्मिनची गोळी घेतेय, त्याने बी-१२ नीट शोषलं जात नाही. त्यात पक्की शाकाहारी, आणि पोट बिघडतं म्हणून दूध-दही पण सोडलेलं. हिमोग्लोबिन मात्र दर वेळी बारा-साडेबारा, म्हणून सगळे निर्धास्त. ती आपल्या मनाने लोह-फोलिकची गोळी घ्यायची. डॉक्टर म्हणाले फोलिकमुळे रक्त सुधारलेलं दिसतं, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांनी आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका तपासल्या, १९९३ मध्ये सुरू झालेलं काम आहे ते, तर तिघींतल्या दोघींचं बी-१२ कमी, आणि फोलेट, म्हणजे तेच फोलिक, कमी असलेली जेमतेम एक बाई निघाली. भाजीपाल्यात फोलेट असतं, बी-१२ नसतं. शेजारच्या वहिनी तरी रोज वाटीभर मोड आलेली मटकी आणून देतायत! दादा म्हणाला अंडं दे तिला, तर आई म्हणते आधी तुझं पोट कमी कर.

इंजेक्शनं चालू आहेत, लालभडक औषध असतं, सहा झाली. व्हिटॅमिन डी पण कमी, ११ निघालं, त्याची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एकच, कुणी चुकून रोज देऊ नये म्हणून मी कॅलेंडरवर दर गुरुवारी गोल केलाय. डोकं बरंच ताळ्यावर येईल म्हणतात. पायांचं सांगता येत नाही, जितके दिवस अंगावर काढलं तितकं परत येणं अवघड. रात्री मला तेवढंच ऐकू येतं. दिवाळीत तुझं ऐकलं असतं तर आठ महिने वाचले असते, हा हिशोब मी रोज करते.

तुझं घराचं पझेशन मिळालं का? चिनूची दहावी ना यंदा? आणि तू ती अॅसिडिटीची गोळी रोज घेतेस अजून? वर्षानुवर्षं घेतली तर त्यानेही बी-१२ कमी होतं. शाकाहारी तू पण आहेस, सारखी दमलेली असतेस. टेस्ट कर, आणि मेडिकलमधून आणून गोळ्या सुरू करायच्या आधी रक्त दे, नाहीतर आकडा चढलेला दिसतो आणि खरं काय ते कळत नाही. भांडायचं असेल तर रिपोर्ट पाठवून मग भांड.

आई परवा विचारत होती, सुमी का येत नाही. मला काहीच बोलता आलं नाही. तिने लिंबाच्या लोणच्याची एक बरणी बाजूला काढलीय, चिठ्ठीवर तुझं नाव तिनेच लिहिलंय, अक्षर वाकडं आलंय. ती मी कुरिअर करणार नाही. तू ये.

तुझीच,
नंदा